पाठ केलेली गाडी

पस्तीस वर्षं मी टॅक्सी चालवली आणि पस्तीस वर्षांत एकदाही कुणाला ठोकलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात माझी अब्रू फारशी शिल्लक राहत नाही.

माझी मुलगी विजेच्या गाड्या बनवणाऱ्या कंपनीत आहे. तिथं ती नेमकं काय करते, असं कुणी विचारलं की आमची पंचाईत होते. इंजिन ती बनवत नाही. या गाड्यांना इंजिन नसतंच. चालवणाऱ्याचा हात कुठं जावा, हे ती ठरवते. एसीचं बटण कुठं, वायपरची दांडी कुठं, काचेचा खटका दाराला की मधे. शेजारच्या काकू एकदा म्हणाल्या, इश्श, एवढ्यासाठी पगार देऊन माणूस ठेवतात? मी म्हणालो, तुमचा मिठाचा डबा उद्यापासून मी कुठंही ठेवतो, मग सांगा. तेव्हापासून काकू माझ्याशी बोलत नाहीत. माझी जीभ तिखट आहे हे मला ठाऊक आहे, पण पस्तीस वर्षं गिऱ्हाइकांपुढं मूग गिळून बसलो, आता निवृत्तीनंतर तरी बोलू द्या.

तर त्या वर्षी तिच्या कंपनीची नवी गाडी यायची होती. ऑफिसचं काम घरात बोलायचं नाही असा त्यांचा नियम, आणि आमची मुलगी नियम म्हणजे नियम. पण दोन महिने ती घरात असून नसल्यासारखी होती. ताटात चिवडत बसायची, आई काही बोलली की खेकसायची, आणि मग अर्ध्या तासानं येऊन आईच्या मागं उगाच उभी राहायची. शेवटी एका सकाळी तिनंच विषय काढला. कंपनीत चाचणी आहे. लोकांना नव्या गाडीत बसवून, हे करा, ते करा, असं सांगतात आणि ते जमतं का बघतात. त्यातल्या वयस्कर चालकाची ऐन वेळी कंबर धरली. तेव्हा मोठे साहेब म्हणाले, तुझे वडील टॅक्सी चालवायचे ना, त्यांनाच आण.

"बाबा, माझ्या दोन वर्षांच्या कामाचा निकाल या चाचणीवर आहे," ती म्हणाली. "तुम्ही फक्त या. जसे आहात तसे या. तयारी करायची नाही, आणि मला काही विचारायचं नाही. मला सांगता येणार नाही."

मी बरं म्हणालो. मनात मात्र धास्तावलो. साधा मोबाइल बदलला तर मी चार दिवस कुणाला फोन लावू शकत नाही. मी तिथं बसणार, दहा शिकलेली माणसं वहीत लिहिणार, आणि माझ्यामुळं पोरीचं दोन वर्षांचं काम पाण्यात जाणार. चाचणीला दहा दिवस होते. त्यातला पहिला दिवस मी नुसत्या काळजीत काढला.

दुसऱ्या दिवशी हिनं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, पोरीची खोली झाडायला घेतली आणि मला हाक मारली. टेबलावर मोठ्या कागदांची गुंडाळी होती आणि ती अर्धी उघडी होती. अर्धी आपोआप उघडली होती की हिनं उघडली, ते मी आजपर्यंत विचारलेलं नाही. आत गाडीच्या स्क्रीनची चित्रं होती, खऱ्या मापाची, बसायच्या पाटाएवढी एकेक. आणि त्यांना टाचणीनं लावलेला एक कागद: चाचणीत सांगायची चौदा कामं.

प्रश्नपत्रिकाच हातात आली म्हणा ना. पाच मिनिटं मी प्रामाणिक होतो. मग हिला म्हणालो, पोरगी ऑफिसातून यायला अजून सात तास आहेत, ट्रेसिंगचा कागद कुठं मिळेल?

ती चित्रं उतरवता उतरवता माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या गाडीत एकही बटण नव्हतं. सगळं स्क्रीनवर. समोरच्या काचेवर आतून वाफ धरली तर माणूस काय करतो? खटका दाबतो, जोरात हवा काचेवर येते, काच मोकळी होते. इथं आधी कोपऱ्यातलं गाडीचं चित्र दाबा, मग 'आराम' दाबा, मग 'हवा', मग 'समोर', आणि मग बोट उजवीकडं ओढत न्या. तोवर पुढचा ट्रक मागचा झालेला असेल. वायपरचं तेच, बाजूच्या आरशाचं तेच. डॅशबोर्डचा खण उघडायलासुद्धा स्क्रीन! कुठल्या गाढवानं हे केलंय, असं मी मोठ्यांदा म्हणालो, आणि मग आठवलं की गाढव आपल्याच पोटचं आहे. जीभ चावली आणि मुकाट्यानं रेघा मारायला लागलो.

जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर ती चित्रं चिकटवली आणि पुठ्ठा स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला लावला. समोर खुर्ची. स्टिअरिंग म्हणून मोठ्या पातेल्याचं झाकण. ही माझ्या मागं स्टुलावर बसून चौदा कामं वाचायची. आरसा आत घ्या. गाणं बंद करा. काच साफ करा. मधेच स्वतःची कामं घुसडायची: दूध बघा, उतू जाईल. मी चिडलो की म्हणायची, रस्त्यावर पण मधे मधे कुणीतरी येतंच की. चाळीस वर्षं संसार झाला, साखर कुठं असते हे तुम्हाला अजून पाठ नाही, आणि हे बघा कसं धडाधड येतंय. पोरगी यायच्या आत पुठ्ठा पलंगाखाली आणि झाकण पातेल्यावर. सहाव्या दिवशी मी मान वळवून न बघता चौदाच्या चौदा करायला लागलो. नवव्या दिवशी हिनं डोळ्यांवर रुमाल बांधला तरी बोट चुकलं नाही. उगाच कशाला खोटं बोलू, मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

चाचणी शुक्रवारी होती. एका मोठ्या हॉलमध्ये लाकडाची गाडी केली होती. चाकं नाहीत, दारं नाहीत, काच नाही, पण खुर्ची खरी, स्टिअरिंग खरं, आणि स्क्रीन अगदी खराखुरा. समोर भिंतीवर रस्ता पळत होता. माझ्या डोळ्यांवर एक कॅमेरा रोखलेला. रस्त्यावरून नजर किती वेळ हटते ते तो मोजणार, असं मला सांगितलं. मोठे साहेब हाताची घडी घालून उभे होते. चांगले धिप्पाड गृहस्थ. त्यांच्या बाजूला चाळिशीचा, अगदी कोरीव दाढीचा एक माणूस होता. त्याला सगळे काहीतरी इंग्रजी हुद्द्यानं हाक मारत होते, मी त्याला स्क्रीनवाला म्हणतो. मुलगी वही घेऊन लांब बसली होती. माझ्याकडं बघून तिनं फक्त मान हलवली.

पुढचं काय सांगू. "काच साफ करा" म्हणेपर्यंत स्क्रीनवर काच साफ. "आरसा" म्हणताच आरसा आत. समोरच्या रस्त्यावरची माझी नजर हलली नाही. एका हातात स्टिअरिंग, दुसरा हात पेटीवाल्यासारखा चाललेला. चौदा कामं संपली तेव्हा मोठ्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या. स्क्रीनवाला तर मला मिठीच मारायच्या बेतात होता. ऑफिसातल्या तरुण पोरांपेक्षा मी निम्म्या वेळात सगळं केलं होतं. साहेब सगळ्यांना म्हणाले, अडुसष्ट वर्षांच्या माणसाला जर हे इतकं सोपं जातंय तर आता वाद संपला, सोमवारी शिक्कामोर्तब. मी मुलीकडं बघितलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. आनंदानं होतं माणसाचं असं, असं मला वाटलं.

परत येताना गाडी ती चालवत होती. मी वाट बघून बघून शेवटी म्हणालो, मग, कसा काय झाला बाप? तिनं गाडी बाजूला घेतली आणि विचारलं, तुम्हाला हे आधी माहीत होतं का? मी सांगितलं सगळं. पुठ्ठा, झाकण, स्टूल, रुमाल. सांगताना मी हसतसुद्धा होतो. ती हसत नव्हती, म्हणून हळूहळू माझंही हसू गेलं.

तो स्क्रीन तिचा नव्हताच. तो स्क्रीनवाल्याचा होता; चित्रं तिनं चाचणीच्या तयारीसाठी घरी आणली होती. तिची दोन वर्षं गेली होती पाच खटक्यांत: काचेवरची वाफ, गरम-गार, आवाज, वायपर, आणि अडचणीत लावायचे चारही इंडिकेटर. एवढे पाच तरी हाताला लागतील असे ठेवा, बाकी काय ते स्क्रीनवर घाला, असं ती सांगत होती. मोठ्या साहेबांना डॅशबोर्ड कसा स्वच्छ, मोकळा हवा होता. चाचणीला बसलेली बाकीची सगळी ऑफिसातलीच तरुण पोरं. त्यांचं कसंबसं जमलेलं. आता एकच आशा होती. आयुष्यभर गाडी चालवलेला एखादा खरा माणूस, पाटी कोरी ठेवून आलेला, त्या स्क्रीनपुढं बसेल, डोळे रस्त्यावरून काढून चाचपडेल, आणि कॅमेरा ते मोजेल. साहेबांना आकड्याशिवाय काही पटत नाही. तो आकडा मी द्यायचा होतो. आता सोमवारी पाच खटक्यांच्या जागी सपाट फळी बसणार होती, आणि मुलीची बदली खुर्च्यांच्या कापडाचे रंग निवडायच्या कामावर.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी म्हणालो, तू विचारू नको म्हणालीस म्हणून विचारलं नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"बाबा, नऊ दिवस तुम्ही ते पाठ करत होतात," ती म्हणाली. "एकदाही वाटलं नाही का, की माझ्या मुलीचं काम असतं तर पाठ करावं लागलं नसतं?"

तिनं गाडी परत सुरू केली. घरी आल्यावर हिनं काय झालं विचारलं, तर मी म्हणालो, पास झालो, आणि जेवलो नाही.

सोमवारी मुलगी निघाली तेव्हा मी बूट घालून दारात उभा होतो, काखेत पुठ्ठा. ती म्हणाली, बाबा, राहू दे. मी म्हणालो, मला नेत नसशील तर मी बसनं येतो, आणि बसमध्ये हा पुठ्ठा सगळ्यांना दाखवत येतो. तिनं नेलं.

मोठ्या साहेबांच्या खोलीत स्क्रीनवाला आधीच बसला होता. मी पुठ्ठा टेबलावर ठेवला आणि कबुली दिली. साहेबांनी शांतपणे ऐकलं. मग ते जे बोलले त्यात चूक काही नव्हती. ते म्हणाले, काका, शुक्रवारी तुम्ही मुलीच्या भल्यासाठी एक केलंत, आज मुलीच्या भल्यासाठी दुसरं सांगताय. यातलं मी खरं कोणतं धरू? आणि पाठ केलंत म्हणता, तर लोकही गाडी घेतल्यावर महिनाभरात पाठ करतीलच की.

तेव्हा मला एक गोष्ट बोलावी लागली. ती मी स्वतःलासुद्धा धड सांगितली नव्हती.

"साहेब, मुलीचं भलं हे मी घरात सांगायला धरलं होतं," मी म्हणालो. "खरं म्हणजे मला नापास व्हायची भीती वाटली. तुमच्या माणसांपुढं म्हातारा दिसायची. नवी गाडी बघून ज्याला भीती वाटते, तो तुम्हाला सांगत नाही. तो घरी जाऊन झाकण फिरवतो."

मुलगी टेबलाकडं बघत होती. स्क्रीनवाला माझा पुठ्ठा निरखत होता. त्याला बहुतेक माझ्या रेघा आवडल्या. साहेब उठले आणि म्हणाले, चला. मागच्या अंगणात नमुन्याची खरी गाडी उभी आहे. पाठ आहे ना तुम्हाला? मग खऱ्या गाडीत करून दाखवा.

आम्ही चौघं बसलो. मी चालवायला, माझ्या शेजारी साहेब, त्यांच्या मागं स्क्रीनवाला, माझ्या मागं मुलगी, मांडीवर पाच खटक्यांचा खोका. बाहेर चांगलाच गारठा होता, म्हणून साहेबांनी काचा बंद करायला सांगितल्या. गाडी निघाली ती मांजरासारखी, आवाज नाही काही नाही. पहिल्या वळणाला गाडी इतकी छान वळली की मला राग विसरायला झालं. दुसऱ्या वळणापर्यंत चार माणसांच्या श्वासांनी समोरची काच पांढरी व्हायला लागली.

लाकडाच्या गाडीला काचच नव्हती, हे तेव्हा पहिल्यांदा माझ्या डोक्यात आलं. त्या हॉलमध्ये दोन वर्षं माणसं बसून उठली होती, पण वाफ कुणी बघितलीच नव्हती.

साहेब म्हणाले, हं, काच साफ करा. मी नजर समोर ठेवली आणि हात सोडला. कोपरा, आराम, हवा, समोर, आणि बोट उजवीकडं सरळ शेवटपर्यंत. काहीतरी घुर्रर्र वाजलं. काचेवर हवा आली नाही. साहेबांची खुर्ची मागं जायला लागली. ते "अहो, अहो" म्हणेपर्यंत ती पार आडवी झाली आणि साहेबांचं डोकं स्क्रीनवाल्याच्या मांडीवर गेलं. मी ब्रेक मारला. रिकाम्या अंगणात, पायी चालायच्या वेगात, तरी मारला, कारण मला पुढचं काहीएक दिसत नव्हतं.

झालं असं होतं, की शुक्रवारच्या यशानं स्क्रीनवाल्याला हुरूप आला आणि शनिवारी त्यानं सगळ्या चौकोनांच्या जागा बदलून स्क्रीन आणखी सुटसुटीत केला. हॉलमधल्या गाडीत नाही, या गाडीत. माझी बोटं शुक्रवारची होती आणि गाडी सोमवारची. घाबरून मी परत दाबलं तर दोन्ही बाजूंचे आरसे मिटले. तिसऱ्यांदा दाबलं तर डॅशबोर्डचा खण साहेबांच्या गुडघ्यांवर उघडला.

साहेब छताकडं बघत म्हणाले, ही खुर्ची सरळ कशी करायची? स्क्रीनवाला म्हणाला, स्क्रीनवरून, साहेब. साहेब म्हणाले, मला स्क्रीन दिसत नाहीये. स्क्रीनवाल्यालाही दिसत नव्हता, कारण मधे साहेब होते. त्यानं साहेबांच्या तोंडावरून हात लांब केला, एका बाजूला वाकला, दाढी साहेबांच्या कपाळाला लागली, आणि त्यानं स्वतःच्या हातानं केलेल्या स्क्रीनवर तो 'खुर्ची' शोधायला लागला. मला तोंड उघडायचा फार मोह झाला. पण त्या घटकेला मी एक शब्द बोललो नाही, आणि याचं श्रेय मला कुणी देत नाही. शेवटी साहेबांनीच खिशातला रुमाल काढला, वर हात करून माझ्याकडं दिला आणि म्हणाले, पुसा हो काका ती काच.

"एक मिनिट बेचाळीस सेकंद," मागून मुलगी म्हणाली. "काच अजून साफ नाही."

पाचही खटके ठेवायचं त्याच दिवशी ठरलं. साहेबांनी सहावा स्वतःहून वाढवला, खुर्चीचा. मुलीची बदली झाली नाही. स्क्रीनवाल्याला तिच्याबरोबर काम करायला बसवलं, आणि ती म्हणते की माणूस तसा चांगला आहे, फक्त गाडी चालवत नाही, बसनं येतो.

खरं तर गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. पण तीन आठवड्यांनी मुलीनं मला परत हॉलमध्ये नेलं. या वेळी तिचे खटके लाकडाच्या गाडीला बसवले होते. ना मी काही विचारलं होतं, ना हिनं खोली झाडली होती. मी बसलो, रस्ता पळायला लागला, मुलगी वही घेऊन बसली. वाफेचं बटण हाताला आपसूक लागलं. वायपर लागला. तिचं कौतुक वाटून माझा ऊर भरून आला. मग तिनं सांगितलं, थोडं गरम करा. मी गोल खटका फिरवला आणि हॉलभर गाणं कोकलायला लागलं. गरम-गार आणि आवाज, दोघांचे खटके शेजारी शेजारी, एकाच घडणीचे. मी परत केलं. परत गाणं.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. साहेबही होते. मला एवढंच म्हणायचं होतं, की माझाच हात चुकला, वय झालं, खटका झकास आहे. वाक्य जिभेवर होतं, अगदी तयार. पोरीची दोन वर्षं, त्यात साहेब समोर. मी तिच्याकडं बघितलं. ती पेन धरून थांबली होती.

"हे दोन हाताला सारखेच लागतात," मी म्हणालो. "मला नाही कळत कुठला कुठला. मी नापास."

"तुम्ही नाही, बाबा," ती म्हणाली. "मी."

आणि तिनं ते वहीत लिहून घेतलं. मग उठून आली, माझ्या अंगावरून वाकली, एक खटका उपटून काढला आणि तिथंच उभी राहून कानशीनं त्याच्या कडेला खाचा पाडायला लागली. मधे मधे माझा अंगठा धरून त्यावर फिरवायची आणि विचारायची, आता? मी नाही म्हणायचो. तीन महिन्यांत ती इतकी खुशीत मला दिसली नव्हती.